सीमाभागात डॉक्टरीणबाई होण्याची सोपी रीत

प्रथम एक मुलगी घ्यावी. ती हुशार आहे हे घरातल्या एका तरी माणसाला वेळेत कळलेले असावे. तसे नसल्यास पुढची कृती करून उपयोग नाही. मुलगी निपाणीची असल्यास उत्तम, बेळगाव शहरातली चालेल. खानापूर किंवा चिकोडीकडच्या खेड्यातली असल्यास सकाळच्या पहिल्या गाडीची वेळ तिला पाठ हवी, आणि ती चुकली तर कुणाच्या मागे बसून जायचे हेही.

दहावीचा निकाल लागला की पेढ्यांबरोबर सल्ले येतात. 'बँकेची परीक्षा बरी', 'शिक्षिका करा, दुपारी घरी येईल', 'डॉक्टर केलंसा तर तिला जोगा नवरा कुठनं आणायचा ओ?' सल्ला ऐकून घ्यावा, दुसरा पेढा पुढे करावा आणि विषय पावसावर न्यावा.

पायरी दुसरी: राज्य निवडणे

इतर ठिकाणच्या मुलींना अकरावीसाठी कॉलेज निवडावे लागते. निपाणीच्या मुलीला राज्य निवडावे लागते. निपाणीच्या वेशीला लागूनच अर्जुननगर आहे आणि तिथे देवचंद कॉलेज. निपाणीची पोरे सायकलवरून जातात. मध्येच कुठेतरी कर्नाटक संपते, कारण अर्जुननगर हे कागल तालुका, जिल्हा कोल्हापूर. सायकलला त्याचे काही नसते. प्रवेशाच्या अर्जाला मात्र असते.

कर्नाटकाच्या कोट्यातून मेडिकलला जायचे तर पहिली ते बारावीपैकी किमान ७ वर्षे कर्नाटकात शिकलेली हवीत आणि दहावी किंवा बारावी इथली हवी. महाराष्ट्र म्हणतो, अधिवास आमचा, दहावी आमची, बारावीही आमची. दहावी निपाणीत आणि बारावी अर्जुननगरात केलेली मुलगी महाराष्ट्राच्या लेखी अर्धीच भरते. कर्नाटकात ती तरते, पण त्यासाठी शाळेच्या प्रत्येक वर्षाचा दाखला, त्यावर मुख्याध्यापकांची सही आणि त्या सहीवर गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही लागते. मुख्याध्यापक निवृत्त होण्याआधी हे उरकावे.

शिवाय महाराष्ट्राने हक्क सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी तिकडच्या वैद्यकीय प्रवेशात मोजक्या जागा राखलेल्या आहेत. उलट बाजूने, सोलापूर, अक्कलकोट, जत, गडहिंग्लज भागातल्या कन्नड मुलांसाठी कर्नाटकाने 'गडिनाडु'ची, म्हणजे सीमाभागाची, सोय ठेवली आहे. दोन्ही सरकारांना शेजारच्या घरातली लेकरे फार प्रिय. स्वतःच्या घरातल्यांनी नीटमध्ये ७२० पैकी किती पडले तेवढे सांगावे.

पायरी तिसरी: प्रेरणा

कागदपत्रांनी मुलगी रडकुंडीला आली की तिला आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगतात. सांगायची तर नीट सांगावी. आनंदीबाई म्हटले की आपल्याला बोट आठवते, फिलाडेल्फिया आठवते आणि नऊवारीतला फोटो. पण या गोष्टीची दोन्ही टोके कोल्हापुरात आहेत, निपाणीपासून सुमारे ४० किलोमीटरवर. त्यांचे पती गोपाळराव पोस्टात होते. कोल्हापूरला नोकरीवर असतानाच १८७८ साली त्यांनी बायकोच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र धाडले, ते तिकडच्या मासिकात छापले गेले आणि न्यू जर्सीतल्या एका बाईंच्या वाचनात आले. हे एक टोक. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियात एमडी झाल्या आणि कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जागा देऊ केली. हे दुसरे. त्या परतल्या त्या क्षय घेऊन. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या, वयाच्या एकविसाव्या वर्षी. नेमणूक झाली, रुजू होणे राहिले.

अल्बर्ट एडवर्ड म्हणजे आजचे सीपीआर हॉस्पिटल. निपाणीत कुणी 'म्हाताऱ्याला सीपीआरला हलवलंय' म्हणते तेव्हा ते आनंदीबाईंच्या रिकाम्या राहिलेल्या खुर्चीच्याच पत्त्यावर जाणे असते.

या हॉस्पिटलात पुढे खरोखर रुजू झाल्या त्या कृष्णाबाई केळवकर. आई रखमाबाई कोल्हापुरात मुलींना शिकवायच्या. शाहू महाराजांनी कृष्णाबाईंना मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात पाठवले, आणि पुढे विलायतेलाही. परत येऊन त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. आनंदीबाईंवर कादंबरी झाली, नाटक झाले, २०१९ साली चित्रपटही आला. कृष्णाबाईंचे नाव कोल्हापूरबाहेर फारसे कुणी घेत नाही. रोज वेळेवर कामाला जाणाऱ्या बाईवर नाटक लिहायचे तरी काय! नवशिकीने मात्र आदर्श म्हणून कृष्णाबाईच घ्याव्यात. आनंदीबाईंना नमस्कार करावा.

या गोष्टीत एक मेख आहे, ती मुलीला आत्ताच दाखवून ठेवलेली बरी. बायकांना डॉक्टर होऊ द्या, असे त्या काळी म्हटले गेले ते कशाच्या जोरावर? आमच्या बायका परपुरुषाकडून तपासून घेत नाहीत, तपासणीवाचून मरतात, म्हणून बायकांसाठी बाई डॉक्टर हवी. १८८५ चा डफरिन फंड याच पायावर उभा राहिला. आनंदीबाईंचा प्रबंध होता तोही प्रसूतिशास्त्रावर. मागणी खरी होती, गरज तर त्याहून खरी. पण दार उघडले ते बाळंतिणीच्या खोलीचे, आणि आत गेलेल्या बाईने दुसऱ्या दारानेही बाहेर पडावे हे कुणाच्या मनात आले नाही. अजूनही फारसे येत नाही.

पायरी चौथी: एमबीबीएस

साडेचार वर्षे आणि वर्षाची इंटर्नशिप. बेळगावात केएलईचे जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ पासून आहे; सिव्हिल हॉस्पिटलला जोडलेले सरकारी 'बिम्स' त्या मानाने अलीकडचे. खासगी जागेची फी विचारायला जाताना वडिलांचा बीपी आधी आणि नंतर असा दोनदा मोजावा.

अभ्यासाचे पुस्तकात आहे. पुस्तकात नाही ते वॉर्डात. बैलहोंगलकडची बाई 'होट्टी ब्यानि' म्हणत पोट धरते, निपाणीची 'कळ मारायल्या बगा' म्हणते, आणि शेजारच्या खाटेवरची 'पेट दुखरा मॅडम' म्हणते. तिघींचे दुखणे एकच असू शकते किंवा तीन वेगळी. बेळगावच्या मुलीला तिन्ही बोली गल्लीतच मिळालेल्या असतात. बाहेरून आलेल्यांना कन्नडचे तास घ्यावे लागतात. पुण्याहून आलेल्या मैत्रिणीला एवढे सांगून ठेवावे की खेड्यातली म्हातारी 'मी कालच आलोतो' म्हणाली तर केसपेपरवर 'पुरुष' लिहू नये.

पदवीमुळे मान थोडी ताठ होते, त्यावर उतारा बेळगाव जिल्ह्यातच उपलब्ध आहे. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने बायका दगावतात, हे जगभरचे दुखणे. त्यावरचे नेहमीचे इंजेक्शन थंड जागी ठेवावे लागते आणि टोचायला हात लागतो. खेड्यात दोन्हीची वानवा. मग मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडावाटे दिल्या तर? २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत १६२० बायकांवर हा अभ्यास झाला. गोळी द्यायला मोठे डॉक्टर नव्हते. उपकेंद्रातल्या नर्सबाई होत्या, बाळंतपणे घरात किंवा उपकेंद्रात. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आले, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. तेव्हा इंटर्नने नर्सबाईला 'सिस्टर, जरा बाजूला' म्हणण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

रात्रपाळीच्या खोलीची कडी आतून नीट लागते का, हे दिवसाउजेडी पाहून ठेवावे. लागत नसेल तर तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलात रात्रपाळीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, त्यानंतर या वाक्यावर विनोद करता येत नाही.

पायरी पाचवी: विषय निवडणे (इथे बहुतेकींची कृती बिघडते)

एमबीबीएस झालेल्या मुलीला सगळे गाव विचारते, 'गायनॅक का?' हा प्रश्न नसतो. प्रश्नचिन्ह सौजन्यापोटी लावलेले असते. गायनॅक घेतले तर प्रश्न मिटला. पेशंट पहिल्या दिवसापासून. मात्र झोप मिटली तीही पहिल्या दिवसापासून, आणि मुलगाच व्हावा म्हणून दर महिन्याला कुणीतरी 'तेवढं बघून सांगा की बाई' म्हणत दार लोटणार. त्याला नाही म्हणण्याची कला अभ्यासक्रमात नाही. पहिल्या खेपेलाच मोठ्या आवाजात नाही म्हणावे, बाहेरच्या बाकावर ऐकू जाईल असे. गावात बातमी एकदाच पोहोचवावी लागते.

समजा, मुलीने हट्टाने एमडी मेडिसिन केले. आणखी ३ वर्षे गेली, लग्नाच्या बाजारातून दोन स्थळे गेली, आणि ती निपाणीत फिजिशियन म्हणून बसली. पहिल्या आठवड्यात होणारा संवाद पाठ करून ठेवावा:

'मॅडम, डिलिव्हरी करता न्हवं?'

'नाही काकू, मी फिजिशियन. बीपी, शुगर, हार्ट, दमा.'

'असं व्हय. मग सोनोग्राफी तरी?'

'तीही नाही.'

'मग करता काय ओ?'

इथे रागावू नये. काकूंच्या पायावरची सूज आपल्याला आल्या आल्या दिसलेली आहे. 'बसा, दम लागतो का चढताना?' असे विचारावे. काकू बसतात, आणि मग निघतच नाहीत, कारण दम त्यांना दिवाळीपासून लागतोय आणि घरात कुणी विचारलेले नाही.

निपाणीत फिजिशियनला काम कमी नाही. हे गाव तंबाखूवर उभे राहिले. वखारीत बायका तंबाखू चाळतात, निवडतात, भरतात; घरी परडीत पान-तंबाखू घेऊन बिड्या वळतात. याच बायकांनी संघटना बांधली, मजुरीसाठी भांडल्या. १९८२ साली युगांतर या गटाने त्यांच्यावर माहितीपटही केला. वखारीतल्या बाईला ठसका असतो हे इथे इतके ठरलेले आहे की ती तो सांगतच नाही. गुडघा सांगते, कंबर सांगते, चक्कर सांगते. छातीवर नळी ठेवल्यावर आतली शिट्टी ऐकू येते. 'खोकला कधीपासून?' असे विचारले की ती हसते. 'ते काय नवं हाय व्हय बाई!' अशा वेळी थुंकी तपासायला सरकारी दवाखान्यात पाठवावे, आणि गेली की नाही ते सुनेकडून विचारून घ्यावे.

आनंदीबाईंपासूनचा सगळा युक्तिवाद इथे अर्धा खरा ठरतो. बाई बाईला मोकळेपणाने सांगते, हे खरेच. पण ती सांगते ते नुसते कूस आणि विटाळ नसते. तिला हृदय असते, फुप्फुस असते, साखर असते. बायकांच्या डॉक्टरकडे बायकांचे एवढेच दुखणे न्यायचे, हा नियम कुणी केला कुणास ठाऊक. पाळतात मात्र सगळे.

पायरी सहावी: पाटी

दवाखान्यापेक्षा पाटी अवघड. पाटीवर कर्नाटकाच्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखालचा नोंदणी क्रमांक हवा. अॅलोपॅथीला निळी पाटी, आयुर्वेदाला हिरवी. शिवाय कन्नड भाषेच्या कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार पाटीचा ६० टक्के भाग कन्नड हवा. उरलेल्या ४० टक्क्यांत इंग्रजी, मराठी, पदवी, वेळ आणि 'रविवारी बंद'. जिल्ह्याचे नाव लिहिताना सरकारी कागदावर २०१४ पासून बेळगावी आहे हे लक्षात ठेवावे. बोलताना काय म्हणायचे ते समोर कोण बसलेय त्यावरून ठरते. १ नोव्हेंबरला एकीकडे कन्नड राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिन. त्या दिवशी पाटी पुसायच्या भानगडीत पडू नये, दवाखाना उघडा ठेवावा. दोन्हीकडच्या घोषणा देऊन घसा बसलेले लोक संध्याकाळी एकाच बाकावर येऊन बसतात. औषध एकच द्यावे.

इथपर्यंत बाळंतिणीच्या खोलीतून सुटलो असे वाटत असेल, तर हृदयाचा इको करायचे मशीन घेऊन पाहावे. तेही ध्वनिलहरींवर चालते, म्हणून गर्भलिंगनिदानबंदीच्या १९९४ च्या कायद्याखाली त्याची नोंदणी करावी लागते आणि 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी ठळक लावावी लागते. कायदा योग्यच आहे. पण फिजिशियन बाईच्या दारावर ती पाटी पाहिली की निपाणीची काकू समाधानाने म्हणते, 'बगा, मी म्हणलं नव्हतं? डिलिव्हरी करतात.'

पती डॉक्टर असल्यास पाटीवर दोन नावे येतात. वरचे नाव कुणाचे, यावर शक्यतो लग्नाआधी बोलून घ्यावे. पती डॉक्टर नसल्यास पेशंट विचारतात, 'साहेब कुठं बसत्यात?' 'साहेब एलआयसीत बसतात,' असे खरे सांगावे. खुर्चीत आपण बसलेल्या असताना कुणी 'मोठे डॉक्टर किती वाजता येणार?' असे विचारले तर घड्याळ पाहून 'आल्यात' म्हणावे.

पायरी सातवी: पुढे कुठे पाठवायचे

निपाणीतून बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर, कोल्हापूर ४०. महामार्ग तोच, फक्त तोंड कुठे करायचे हा प्रश्न. अंतर पाहावे तर कोल्हापूर. पण आधी पेशंटच्या पिशवीतले कार्ड पाहावे. कर्नाटकाचे आयुष्मान–आरोग्य कर्नाटक वेगळे, महाराष्ट्राचे वेगळे. २०२३ साली महाराष्ट्राने महात्मा फुले जन आरोग्य योजना या ८६५ गावांना लागू केली आणि कर्नाटक सरकारने लगेच हरकत घेतली. करोनाच्या काळात कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद दाखवल्याशिवाय गाडी अलीकडे येत नव्हती; पलीकडे माहेर आणि अलीकडे सासर असलेल्या बाळंतिणींची तेव्हा काय दशा झाली ते गावाला माहीत आहे. तेव्हा नवशिकीने पाठ्यपुस्तकाशेजारी एक वही ठेवावी: कुठल्या हॉस्पिटलात कुठले कार्ड चालते, कुठल्या डॉक्टरचा फोन रात्री उचलला जातो, कुठल्या गावाला गाडी आहे. ही वही एमडीच्या प्रबंधापेक्षा जास्त माणसे वाचवते. स्वतः नाका ओलांडून कागलला बसायचे तर महाराष्ट्राच्या कौन्सिलची नोंदणी निराळी काढावी.

लग्न, सासू, मुलांची शाळा या पायऱ्या सगळ्या नोकरदार बायकांना सारख्याच, म्हणून इथे गाळल्या आहेत. एवढेच सांगते की रात्री दोनला फोन वाजल्यावर घरातले कोण उठून मुलाजवळ जाऊन निजते, यावर डॉक्टरीणबाईची कारकीर्द ठरते, सुवर्णपदकावर नाही. कंटाळा आलाच तर राजकारणही आहे. खानापूरकरांनी २०१८ साली डॉ. अंजली निंबाळकर यांना आमदार करून दाखवले आहे.

शेवटची पायरी, आणि ही मुलींसाठी नाही

निपाणी, संकेश्वर, बेळगाव, खानापूरच्या समस्त मामा, तात्या, अण्णांनो, आता तुमच्याकडे वळते. छातीत कळ येते, डावा हात जड होतो, घाम फुटतो. तुम्ही दोन तास 'गॅस झालाय' म्हणून सोडा पिता. मग पोरगा गाडीवर घालून जवळच्या दवाखान्यात आणतो, आणि खुर्चीत बाई दिसली की तुम्ही म्हणता, 'इथं नको, पुढं चल.' पुढे म्हणजे आणखी अर्धा तास. हृदयाचा जो स्नायू मरतो तो पुन्हा उगवत नाही, आणि दवाखान्यात पाऊल टाकल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघायला हवा. तेव्हा हात जोडून सांगणे आहे: जवळ जो दवाखाना असेल तिथेच उतरा, आणि डॉक्टरीणबाई 'शर्ट काढा' म्हणाल्या की लाजत बसू नका. बटणे काढा.